चौथ्या पानावरचा साव

नागपुरात एखादा पुढारी खरोखर मोठा झाला की नाही, हे निवडणुकीत कळत नसे. ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कळे. त्या दिवशी जुन्या शहरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबू-कागदाच्या या दोन अवाढव्य बाया गावाची रोगराई घेऊन वेशीबाहेर जातात, आणि लोक ओरडत असतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ त्यांच्या मागेपुढे गल्लोगल्लीचे बडगे असतात. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचा पुतळा. महागाईचा, पाणीटंचाईचा, मंत्र्याचा, कोणाचाही. गावभर फिरवायचा, मनसोक्त शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळून टाकायचा.

मी इथल्या एका मराठी दैनिकात शहर बातमीदार होतो. एकोणीसशे साठ उलटल्यावर लागलो आणि केस पांढरे होईपर्यंत तेच केलं. दरवर्षी मारबतीची बातमी माझ्याकडे असायची, कारण दुसरं कोणी त्या गर्दीत चपला हरवायला तयार नसायचं.

एकदा मारबतीच्या दिवशी सकाळी एक कॉर्पोरेटर माझ्या टेबलापाशी येऊन बसले. पांढरे कपडे, डोक्याला तेल, तोंडात पान. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, “वसंतभाऊ, माहा बडग्या या साली कोणत्या गल्लीतून निघून राहिला, काही समजलं काय?”

मी म्हटलं, “यंदा तुमचा नाही निघत म्हणतात.”

त्यांचा चेहराच उतरला. “काहून? मागच्या साली तर दोन दोन होते. मी या साली काहीच केलं नाही काय?”

“तेच कारण असेल,” मी म्हटलं. ते चहा न घेता निघून गेले. पुढच्या निवडणुकीत पडलेही, म्हणजे बडग्या बांधणाऱ्यांना आमच्या राजकीय वार्ताहरापेक्षा आधी कळलं होतं.

हा किस्सा मी बरेचदा हसत हसत सांगतो. पण त्यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही. पुढाऱ्याला बडग्या हारासारखा शोभतो, कारण उत्तर द्यायला त्याच्याजवळ लाउडस्पीकर असतो, कार्यकर्ते असतात, आमचा पेपरही असतो. ज्याच्याजवळ यातलं काहीच नाही त्याचा बडग्या निघाला तर काय होतं, ते मी एकदा जवळून पाहिलं. तेवढंच इथे सांगायचं आहे.

ती टंचाईची वर्षं होती. लोक रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खात होते आणि सणाच्या साखरेसाठी रांगेत उभे राहत होते. कोष्टीपुऱ्यातल्या एका गल्लीत श्रावणजी उमरेडकर यांचं रेशनचं दुकान होतं. मूळ उमरेडचं हातमागाचं घराणं. यांनी माग सोडून दुकान घेतलं. धाकटा भाऊ मात्र मागच्या खोलीत अजून लुगडी विणत होता. श्रावणजी माणूस तोंडाचा फार कडू. वजन चोख करायचे, पण एक शब्द गोड बोलतील तर शपथ. कोणी म्हटलं, “साखर कधी येते जी?” तर म्हणणार, “माह्या शेतात ऊस नाही.” गल्लीत त्यांच्यावर माया करणारं कोणी नव्हतं.

एक दिवस कोणीतरी तक्रार केली आणि पुरवठा खात्याचे लोक आले. दुकानाचा हिशेब बरोबर निघाला. मागच्या खोलीला मात्र कुलूप होतं, आणि किल्ली घेऊन भाऊ उमरेडला गेलेला. खिडकीतून पाहिलं तर भिंतीशी पोती रचलेली, आणि पोत्यांवर साखर कारखान्याचे ठसे. अधिकाऱ्यांनी खोलीला सील ठोकलं. सगळी गल्ली त्या खिडकीला नाक लावून पाहून गेली. आमचा देशमुखही पाहून गेला.

देशमुख माझ्याच वयाचा बातमीदार, चलाख आणि घाईचा. त्या घाईमागे एक कारणही असायचं. आमच्या पेपरच्या दोन आवृत्त्या निघत. एक शहरासाठी, सावकाश, शेवटच्या बातमीपर्यंत थांबून. दुसरी डाक आवृत्ती, म्हणजे सावनेर, उमरेड, काटोल अशा बाहेरगावी जाणारी. ती बसने जायची, आणि बस कोणासाठी थांबत नसे. त्यामुळे डाकेला बातमी द्यायची तर दुपारीच हातावेगळी करावी लागे. कच्ची असली तर तिला एक पांघरूण घालायची आमच्या धंद्यात सोय होती: ‘असे समजते.’ हे दोन शब्द लावले की बातमीदाराला झोप लागायची. देशमुखाने ते लावले. ‘रेशन दुकानदाराकडे साखरेचा साठा, खोलीला सील’ असा मथळा पहिल्या पानावर, खाली श्रावणजींचं नाव गावासकट, आणि शेवटी ‘पोती साखरेची असल्याचे समजते’. डाकेत गेली, शहरातही गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, पंचांसमोर खोली उघडली. पोत्यांत सूत होतं. कोष्ट्यांच्या घरी सूत साखरेच्या रिकाम्या पोत्यांतच ठेवतात. त्या पोत्याची वीण घट्ट असते, धूळ जात नाही. ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत होती, आणि तरीही खिडकीतून पाहताना एकालाही ती आठवली नव्हती.

आमच्याकडे खुलासा आला. संपादकांना आम्ही आबासाहेब म्हणायचो. त्यांनी तो ताबडतोब छापायला दिला, आणि रिवाजाप्रमाणे तो चौथ्या पानावर गेला, रेल्वेच्या वेळापत्रकाखाली, ‘हरवले-सापडले’च्या शेजारी, बारीक टायपात. आम्ही हात झटकले.

श्रावण संपत आला तेव्हा श्रावणजी स्वतः आमच्या कचेरीत आले. खांद्यावर पंचा, हातात आमचा अंक. देशमुख रजेवर होता, म्हणून ते माझ्यासमोर उभे राहिले.

“पेपरवाले तुम्हीच काय?”

मी बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

“तुम्ही मले पहिल्या पानावर चोर केलं अन् चौथ्या पानावर साव केलं. चौथं पान कोण वाचते जी? ज्याची म्हैस हरवली तो वाचते.”

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. अर्ध्या गल्लीने कार्डं दुसऱ्या दुकानात बदलून नेली होती. बायको नळावर जायची थांबली होती. आणि आता गल्लीच्या पोरांनी वर्गणी काढून त्यांचा बडग्या बांधायला घेतला होता. मारबतीच्या दिवशी तो त्यांच्याच दारावरून वाजत-गाजत जाणार होता.

“मंत्र्याचा काढा, कलेक्टरचा काढा. मी कोण आहो? त्या दिवशी मी घरात बसू का मरू?” त्यांचा आवाज चिरकला, आणि ते त्यांनाच आवडलं नाही. मग नेहमीच्या कडू आवाजात म्हणाले, “वाटते, दुकान बंद करावं अन् उमरेडले निघून जावं. पण तिथंही तुमचाच पेपर येते.”

ते गेल्यावर मी सायकल काढली आणि थेट बडग्या बांधणाऱ्याकडे गेलो. किसनजी पराते हा त्या गल्लीचा कलावंत. बापाचं आयुष्य हातमागावर गेलं, हा सीताबर्डीच्या टॉकीजांचे बोर्ड रंगवायचा. हिरोचे गाल गुलाबी आणि व्हिलनचे निळसर, हा त्याचा नियम होता. त्याचा परिणाम असा, की त्याच्या हातचे सगळे बडगे कुठल्या ना कुठल्या सिनेमातल्या खलनायकासारखे दिसायचे. लोकांना त्यामुळे ते फार आवडायचे. खरा माणूस कसा दिसतो याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं; लोकांना वाईट माणूस कसा दिसतो ते ठाऊक होतं, आणि किसनजी तसाच काढून द्यायचा. आम्हीही मथळ्यांत तेच करायचो, हे मला त्याच्या अंगणात उभं राहून पहिल्यांदा जाणवलं.

अंगणात बांबूचा सांगाडा उभा होता, त्यावर खळीने रद्दी चिकटवणं चालू होतं. बाजूला खाटेवर तोंड वाळत ठेवलेलं. निळसर गाल, पिळदार मिशा. श्रावणजींना मिशा नव्हत्या. पण कपाळावरचा मस चुकला नव्हता.

मी म्हटलं, “किसनजी, या माणसानं काही केलेलं नाही.”

“मी कुठं म्हणून राहिलो का केलं? तुमच्याच पेपरात आलं होतं न जी.” त्याने हातातला ब्रश भिंतीकडे केला. तिथे आमचं पहिलं पान चिकटवलेलं होतं. “मी काय घरून आणलं?”

“नंतर खुलासा आला होता.”

“कुठं?”

“चौथ्या पानावर.”

किसनजी हसला. त्याला स्वतःच्या बोलण्याची फार हौस होती, आणि आजूबाजूला पोरं जमलेली. “आमचा बडग्या चौथ्या पानावरून नाही निघत, वसंतभाऊ. भर इतवारीच्या बाजारातून निघते.”

पोरं हसली. मला राग आला. मी विचारलं, “तुमच्या वडिलांच्या वेळी घरात सूत कशात ठेवत होते?”

तो जरा वेळ ब्रश धूत बसला. “साखरेच्या पोत्यात,” म्हणाला. “पण आमच्या घरी रेशनचं दुकान नव्हतं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पाहा भाऊ, मलेही समजते. पण मी एकट्यानं काही होत नाही. पोरायनं वर्गणी देली आहे. अन् बांधलेला बडग्या मोडता येत नाही, आमच्यात अपशकुन मानतात. तो जाळाच लागते. तुम्ही पहिल्या पानावर छापा का हा माणूस साव आहे, मी पोरायले सांगतो. पोळ्याच्या आधी छापा, म्हणजे तोंड बदलवता येईन.”

“आणि बदलून कोणाचं लावाल?”

“ते पाहू,” किसनजी म्हणाला.

मी आबासाहेबांच्या खोलीत गेलो. आबासाहेब हे मोठे सरळ गृहस्थ. एका मंत्र्याविरुद्ध लिहिल्यामुळे सरकारी जाहिराती बंद झाल्या तरी ओळ मागे न घेणारे. माझं सगळं बोलणं त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं.

“देशमुखाला मी बोललो आहे,” ते म्हणाले. “पण पहिल्या पानावर खुलासा आपण छापत नाही. कधीच छापला नाही.”

“चूक पहिल्या पानावर होती, आबासाहेब.”

“असं बघा, वसंतराव. दर महिन्याला कोणीतरी पुढारी इथे येऊन बसतो. खरी बातमी असते, तरी म्हणतो पहिल्या पानावर माफी मागा. मी त्यांना सांगतो, आमच्याकडे पद्धत नाही. आज एका दुकानदारासाठी पद्धत मोडली तर उद्या त्यांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू?”

हे बोलणं खोटं नव्हतं. तो नियम म्हणजे पेपरची ढाल होती, आणि ती त्यांनी मोठमोठ्यांचे वार झेलून राखली होती. मी एवढंच म्हणालो, “ढाल मंत्र्यासाठी केली होती. लागली श्रावणजीला.”

“मला पटतं,” आबासाहेब म्हणाले. “पण नाही.” आणि निघताना पुन्हा हाक मारून म्हणाले, “त्या बडग्याचा फोटो मात्र आपल्या पेपरात येणार नाही, एवढं बघा.”

पोळा आला. आमच्या पेपरात काही छापून आलं नाही. मारबतीच्या सकाळी मी फोटोग्राफरला घेऊन इतवारीत गेलो तेव्हा मला खरंच भीती वाटत होती. श्रावणजींच्या दारावरून तो निळ्या गालांचा पुतळा जाताना पाहायची माझी तयारी नव्हती, आणि बातमी तर माझ्याकडेच होती.

आधी महागाईची बाई गेली, मग एका खात्याचा भोपळ्याएवढ्या पोटाचा मंत्री गेला. मग कोष्टीपुऱ्याकडून डफड्यांचा आवाज आला आणि गर्दी एकदम खदखदू लागली. मी टाचा उंच करून पाहिलं.

बडग्या तोच होता, बांबूचं माप तेच. पण अंगावर शर्ट-धोतर काही नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत तो आमच्या पेपरनेच मढवला होता. कपाळावर आमच्या पेपरचं नाव, मोठ्या अक्षरांचं. कान सुपाएवढे. डोळ्यांवर घडी घातलेल्या पानांची पट्टी. गाल अर्थातच निळे. पोटावर देशमुखाच्या बातमीचं ते पहिलं पान, कोणालाही वाचता यावं असं. आणि हातात पाटी, किसनजीच्या सिनेमाच्या अक्षरांत:

पहिल्या पानी चोर, चौथ्या पानी साव
घेऊन जा गे मारबत!

किसनजी पुढे चालत होता. मला पाहून त्याने मान हलवली आणि ओरडून म्हणाला, “तोंड तर बदलवाच लागत होतं, भाऊ!” ओळखीचे लोक माझ्याकडे बोट दाखवून हसत होते. एका म्हातारीने मला विचारलं, “हा तुमचाच काय जी?” मी हो म्हटलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. मला अपमान वाटला आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदमच.

मिरवणूक श्रावणजींच्या गल्लीत वळली. मी मागोमाग गेलो. दुकान बंद, घराचं दार बंद. दारासमोर डफडी थांबली. गल्ली अरुंद, त्यामुळे तो कागदी राक्षस अगदी ओट्याला टेकल्यासारखा उभा राहिला. पोरं ओरडली, “श्रावणबुवा, बाहेर या गा, पाहा तं खरं!”

बराच वेळ काही झालं नाही. मग दार किलकिलं झालं आणि श्रावणजी बाहेर आले. त्यांनी आधी तोंडाकडे पाहिलं. मग पाटी वाचली. मग ते ओट्यावरून उतरले आणि बडग्याच्या पोटावरचं ते पान, स्वतःचं नाव असलेलं, अगदी जवळ जाऊन पाहू लागले. मला वाटलं, फाडतात आता. त्यांनी फाडलं नाही. एका कोपऱ्यात खळ सुटून कागद लोंबत होता, तो त्यांनी अंगठ्याने नीट दाबून चिकटवला, जाळायच्या आधी कुठे गळून पडू नये म्हणून. आणि मग त्या कडू माणसाने मान वर केली आणि तो घोगऱ्या आवाजात ओरडला, “घेऊन जा गे मारबत!” सगळी गल्ली ओरडली. त्यांची बायको दारात उभी राहून पदराने तोंड पुसत होती. माझेही डोळे भरले होते.

कचेरीत आल्यावर फोटो धुऊन आबासाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. कपाळावर स्वतःच्याच पेपरचं नाव असलेला बडग्या कुठल्या संपादकाने पाहिला असेल?

“कान फार मोठे केले,” एवढंच म्हणाले. मग कागद ओढून त्यांनी स्वतः मजकूर लिहिला. कोष्टीपुऱ्यातल्या नागरिकांनी आमच्या पत्राचा बडग्या काढला, त्यास कारणही तसेच होते, श्री. श्रावण उमरेडकर यांच्या खोलीत साखर नव्हती, सूत होते. ते निर्दोष आहेत. कागद माझ्या हातात देत म्हणाले, “पहिलं पान. फोटोसकट.”

मी कागद घेतला आणि दाराकडे वळलो.

“हा खुलासा नाही, वसंतराव. मारबतीची बातमी आहे.”

त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कधी वाटला नाही. इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण फोटो छापायचा म्हणजे त्या काळी जस्ताच्या पत्र्यावर त्याचा ब्लॉक करावा लागे, आणि आमचा ब्लॉक करणारा घरी गेलेला, कारण त्याच दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैल सजवून मिरवायचा. तो दिवेलागणीला परत आला. तोवर डाक आवृत्तीची वेळ झाली होती. फोटो नाही, म्हणून त्याच्याखालचा मजकूरही नाही. डाकेत मारबतीची जुजबी बातमी गेली आणि बस निघून गेली. शहर आवृत्तीत मात्र तो बडग्या पहिल्या पानावर ऐटीत उभा होता. दुसऱ्या दिवशी मी आबासाहेबांना म्हटलं, आजच्या डाकेत टाकू या. ते म्हणाले, “मारबत होऊन गेली. शिळ्या बातमीला पहिलं पान कसं द्यायचं?” आणि चौथ्या पानावर नको, असं मीच म्हणालो.

श्रावणजींचं दुकान पुढे पूर्ववत चालू झालं. गेलेली कार्डं हळूहळू परत आली. किसनजी आजही कोणी विचारलं की तो बडग्या आपला सगळ्यात चांगला होता म्हणून सांगतो, आणि कानांचं माप हाताने दाखवतो.

निवृत्त व्हायच्या सुमारास मी एकदा गांधीबागेत कापड घ्यायला गेलो होतो. श्रावणजी भेटले. आता थकलेले, हातात पिशवी, पिशवीत नवं लुगडं. उमरेडला भाचीचं लग्न होतं, बसस्टँडकडे निघाले होते. मी त्यांच्यासोबत चालू लागलो. सहज विचारलं, “गावाकडे आता सगळं ठीक ना?”

“ठीकच आहे,” ते म्हणाले. “लग्नात मले सामानाच्या खोलीकडं जाऊ देत नाहीत, बस. मस्करी करतात. म्हणतात, ‘मामाजी, साखर मोजून ठेवली आहे.’”

“तुम्ही सांगितलं नाही त्यांना? तो फोटो, तो अंक?”

“दाखवला होता. म्हणतात, हा आमच्याकडचा पेपर नाही. आमच्या पेपरात असं आलंच नाही.” ते बसच्या पायरीवर चढले, दांडी धरून मागे वळले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता; रस्ता सांगावा तसं त्यांनी सांगितलं. “आता सवय झाली, वसंतभाऊ. इथं उतरलो का साव, तिथं उतरलो का चोर.”

कंडक्टरने घंटी मारली आणि बस वेळेवर सुटली.